अर्धा सूर वर

'रुंद' या शब्दावर पप्पांचा आवाज फुटला आणि त्यांनी गिटारच्या तारांवर तळवा दाबून धरला. काचेपलीकडे हेरंब खोतांनी मशीन थांबवलं. भिंतींवर वाकळा ठोकलेल्या त्या खोलीत शांतताही जाड वाटत होती. पप्पांनी रुमाल तोंडाला लावला, बघितला, घडी केली आणि खिशात ठेवला. हे करताना त्यांनी माझ्याकडे बघायचं टाळलं. त्यावरून काय ते मला कळलं.

"परत," ते म्हणाले.

मी म्हटलं, "पप्पा, जरा थांबा."

"थांबलो की घसा थंड पडतो. लाव रे हेरंब."

खोतांनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली नाही की डोलावली नाही. चौथ्यांदा तेच झालं. पहिल्या दोन ओळी ठीक गेल्या, तिसरीला आवाज वर चढायला लागला आणि अर्ध्या वाटेवर दोरी तुटावी तसा तुटला. मग खोकला. खोत म्हणाले, जेवून घेऊ या, मशीनही तापलंय. मशीन तापलेलं नव्हतं हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. पप्पा गिटार खुर्चीला टेकवून उठले आणि जेवायचं नाही असं सांगून मागच्या खोलीत आडवे व्हायला गेले.

ही काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. खोतांचं हे ध्वनिमुद्रणाचं ठिकाण म्हणजे कोल्हापुरात त्यांच्या घराचा वरचा मजला. जुन्या रेकॉर्डी आणि टेपची स्पूल जमवणं हा त्यांचा नाद, आणि त्यातल्या निवडक नव्याने छापून काढायच्या हा उद्योग. पप्पांची जुनी तबकडी त्यांना पुन्हा काढायची होती. एका बाजूला जुनं गाणं आणि दुसऱ्या बाजूला तेच गाणं, आजच्या आवाजात. त्यासाठी आम्ही मिरजेहून सकाळी आलो होतो.

माझे वडील शांतवन अमोलिक मिरजेच्या मिशन कंपाउंडात वाढले. आजोबा मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर आणि रविवारी चर्चमध्ये ऑर्गनवर. एक अमेरिकन डॉक्टर सहकुटुंब मायदेशी परत गेले तेव्हा त्यांच्या मुलाची रेकॉर्डींनी भरलेली पेटी मागे राहिली. त्यात ब्लूज होतं. अमेरिकेतल्या काळ्या माणसांचं, विजेच्या गिटारवरचं, एकच ओळ दोनदा म्हणून तिसरीत मनातलं सांगून टाकणारं गाणं. पप्पा म्हणायचे, मला तेव्हा इंग्रजी धड येत नव्हतं, पण हा माणूस दमलाय एवढं कळायचं. पुढे त्यांनी पुण्या-मुंबईच्या हॉटेलांत, लष्कराच्या मेसमध्ये, लग्नाच्या रिसेप्शनला, मिळेल तिथे मिळेल ते वाजवलं. पण आपलं म्हणून त्यांनी ब्लूजच मानलं.

आणि एकदा त्यांनी ते मराठीत केलं. तेव्हा मिरज जंक्शनला रुळांची रुंदी बदलायची. मोठ्या गाडीतून उतरायचं, सामान उचलायचं आणि लहान गाडीत बसायचं.

मिरजेला उतर, बाई, पुढले रूळ अरुंद,
मिरजेला उतर, बाई, पुढले रूळ अरुंद,
सामान माझं थोडं गं, पण दुःख माझं रुंद.

त्या शेवटच्या 'रुंद'वर आवाज वर जातो आणि तिथेच थांबून राहतो. सत्तरच्या दशकात निघालेल्या त्या लहान तबकडीने पप्पांना नाव दिलं ते त्या एका सुरामुळे. सांगली-कोल्हापूर-पुण्याकडची कॉलेजची मुलं त्या सुरासाठी यायची. तो लागला की शिट्ट्या वाजायच्या. पप्पांचा आवाज उतरायला लागल्यावर हीच मंडळी, आता पोटं सुटलेली, तो सूर प्रेक्षकांतून स्वतः गाऊन द्यायची. पप्पा हसून हात जोडायचे आणि घरी आल्यावर जेवायचे नाहीत.

सूर खाली घ्या, असं त्यांना सगळ्यांनी सांगून झालं होतं. बरोबर वाजवणाऱ्यांनी सांगितलं. आई ज्येष्ठमध उकळून द्यायची आणि म्हणायची, अर्धा सूर खाली घेतलात तर आभाळ पडणार आहे का? आई गेल्यावर ते काम माझ्याकडे आलं. घशाची दोन ऑपरेशनं झाली. दुसऱ्या वेळी डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं की आता असा ताण पुन्हा पडला आणि जखम चिघळली तर गाणं सोडाच, बोलणंही राहणार नाही. मी ते पप्पांना जसंच्या तसं सांगितलं. ते म्हणाले, डॉक्टर चांगला माणूस आहे, त्याला एक तबकडी दे.

फोनवर खोतांनीही फार जपून विचारलं होतं, काका, आपण थोडं खालून घेऊ या का? त्यावर पप्पा म्हणाले होते, "मग तुला शांतवन अमोलिक कशाला हवाय? कुणीही चालेल."

तर पप्पा मागच्या खोलीत गेले आणि खोत मला म्हणाले, "ताई, जेवायच्या आधी एक ऐकता का? काकांच्या माघारी ऐकवायचं होतं."

मूळ गाणं कोल्हापुरातच ध्वनिमुद्रित झालं होतं. दाभोळे नावाचे एक गृहस्थ तेव्हा त्यांच्या जर्मन मशीनवर असली कामं करायचे. ते वारले, आणि त्यांच्या जावयाने स्पूलची पोती खोतांना दिली. त्यात आदल्या आठवड्यात पप्पांचं मूळ स्पूल सापडलं होतं. खोतांनी ते मशीनवर चढवलं होतं. पण ते सुरू करण्याआधी त्यांनी खिशातून पप्पांचा नादकाटा काढला. सूर जुळवायचा ट्यूनिंग फोर्क, पोलादी, दोन पायांचा, आजोबांच्या ऑर्गन लावायच्या सामानातला. पप्पांच्या गिटारच्या पेटीतून न विचारता घेतला म्हणून ते ओशाळले होते.

नादकाटा लावायची पप्पांची एक रीत होती. ते तो गुडघ्यावर आपटायचे आणि गिटारच्या तारांखाली जे चुंबक असतं त्याच्यावर धरायचे. मग काट्याचा सूर थेट अ‍ॅम्प्लिफायरमधून खोलीभर यायचा आणि ते त्यावरून तारा लावायचे. दुसरं कुणी असं करताना मी पाहिलेलं नाही.

"स्पूलवर गाण्याच्या आधी ते आहे," खोत म्हणाले. "तबकडी काढताना कापलं असणार. ऐका."

त्यांनी काटा टेबलाच्या कडेवर आपटून त्याचा दांडा लाकडावर टेकवला. बारीक, सरळ सूर आला. तो विरायच्या आत त्यांनी स्पूल सुरू केलं. खरखर झाली, कुणीतरी खुर्ची सरकवली आणि गुंऽऽ असा तोच सूर आला.

तोच नव्हता. मला गाण्यातलं काही कळत नाही, पण हा वरचा होता. फार नाही. पायरीवर पाय ठेवावा आणि पायरी अपेक्षेपेक्षा जरा उंच निघावी इतकाच.

"दुसरा काटा असेल," मी म्हटलं.

"काकांना विचारलं मी सकाळी, बोलता बोलता. जन्मभर हाच एक आहे. आणि काटा वर चढत नसतो ताई. पोलाद आहे ते."

मग त्यांनी सावकाश समजावून सांगितलं. तेव्हा उन्हाळ्यात संध्याकाळी कोल्हापुरात वीज इतकी मंद व्हायची की बल्ब समईसारखे जळायचे. दाभोळ्यांचं मशीन त्या मंद विजेवर हळू फिरलं. पुढे मुंबईत तबकडी काढताना ते स्पूल नीट वेगाने फिरलं आणि त्यातलं सगळंच वर चढलं. काटा, गिटार, आवाज. अर्धा सूर, थोडा जास्तच.

"म्हणजे काका त्या सुरात गायलेच नव्हते," खोत म्हणाले. "तबकडी यायच्या आधी तरी."

मला एकदम आमचं मिरजेचं घर दिसलं. पप्पा कॉटवर बसून काटा आपटताहेत, तार त्याच्याशी जुळवताहेत आणि जुळली की मग प्रत्येक खुंटी आणखी थोडी पिळताहेत. सगळे असंच करतात असं मला लहानपणी वाटायचं. एकदा विचारलं तर म्हणाले होते, "काटा मिशनचा आहे, गाणं माझं आहे."

खोत म्हणाले, यातून एक मार्ग आहे. काकांना काही सांगू नका. तुम्ही कसंही करून त्यांना खाली गायला लावा, मी नंतर मशीनवर ते वर चढवतो. कुणाला कळणार नाही. काकांनाही नाही. घसा वाचेल. तबकडी होईल.

मी खुर्चीवर बसून राहिले. खालून भाकरी थापल्याचा आवाज येत होता. पप्पा चुकताहेत हे कुणीतरी सिद्ध करून दाखवावं असं मला अनेक वर्षं वाटत होतं. पण असं नको होतं. त्यांनी ज्याच्याशी स्वतःला मोजलं, ज्याच्यापुढे दर कार्यक्रमानंतर हरून घरी आले, तो माणूस मंद विजेने घडवला होता हे त्यांना या वयात कोण सांगणार? आणि नाही सांगितलं तर ते दुपारी पुन्हा त्या खुर्चीवर जाऊन बसणार, पुन्हा 'परत' म्हणणार. आणखी दोन-तीनदा. रुमालावर काय होतं ते मला ठाऊक होतं.

"चढवणार कशाला," मी खोतांना म्हटलं. "एकदा चढलंय तेवढं पुरे."

मागच्या खोलीत पप्पा जागे होते. पंख्याकडे बघत पडले होते. मी कॉटच्या कडेला बसले.

"पप्पा, ती तबकडी जलद फिरलेली आहे."

"कुठली?"

"आपली. पहिल्यापासून. मूळ स्पूलवर तुमचा काटाच वर लागलाय."

मग मी खोतांनी सांगितलं ते सगळं सांगितलं. माझं संपेपर्यंत ते पंख्याकडेच बघत राहिले.

"दाभोळ्यांचं मशीन जर्मनीचं होतं," ते म्हणाले.

"वीज कोल्हापूरची होती."

त्यांच्या ओठांचा कोपरा हलला. मग त्यांनी सांगितलं. तबकडी हातात आली त्या दिवशी ते तिच्याबरोबर वाजवायला बसले आणि गिटार जुळेना. ते कोल्हापूरला येऊन दाभोळ्यांना भेटले. दाभोळे म्हणाले, पहिल्यांदा माइकसमोर बसलात, घाबरून तारा चढवल्या असतील, होतं असं, पण काय सूर लागलाय म्हणून सांगू.

"मी मानलं," पप्पा म्हणाले. "मशीन जर्मनीचं, मी मिरजेचा. दोघांत कोण चुकलं असेल?"

त्यांनी कूस बदलली.

"तुझ्या आईला बरं वाटलं असतं. तुलाही वाटत असेल."

"मला बरं वाटत नाहीये, पप्पा."

"मला वाटायचं आवाज गेला." ते उठून बसले. पाय खाली सोडले आणि चपला शोधत राहिले, पण घातल्या नाहीत. "तिशीपासूनच वाटायला लागलं. गाऊन घरी यायचो आणि वाटायचं, तो पोरगा माझ्यापेक्षा बरा होता. त्याच्यासारखं एकदा तरी व्हावं. आता तू म्हणतेस, तो पोरगाच नव्हता."

"होता," मी म्हटलं. "जरा खाली होता, इतकंच."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. माझ्यावर रागावले की ते असंच बघायचे, आणि मला वाटलं आता ते गिटार पेटीत घालून मिरजेला चल म्हणतील. खरं सांगायचं तर तसं म्हणाले असते तरी मी निघाले असते. ते म्हणाले, "चहा मिळेल का बघ इथे. साखर बेताची सांग."

चहा त्यांनी उभ्यानेच घेतला, काचेच्या खोलीच्या दारात. खोत शाळेत उशिरा आलेल्या मुलासारखे उभे होते. काटा न विचारता घेतला, असं ते पुटपुटले. पप्पांनी हात पुढे केला, काटा घेतला, गिटार मांडीवर घेतली. गुडघ्यावर काटा आपटून चुंबकावर धरला. खोलीभर सूर आला.

"आता तुझं लाव."

खोतांनी स्पूल लावलं आणि ते वेगाचं बटण हळूहळू उलटं फिरवायला लागले. पप्पा काटा पुन्हा पुन्हा आपटत होते. दोन सूर जवळ आले तसे त्यांच्यात लाटा उठायला लागल्या, थरथर, थरथर, मग लाटा लांब होत गेल्या आणि एका क्षणी खोलीत एकच सूर राहिला. खोतांनी बटणावरून बोट काढलं.

गाणं सुरू झालं आणि मला वाटलं दुसरंच काहीतरी लागलंय. आवाज जाडसर होता. गिटार सावकाश, ओढत चालल्यासारखी. मी जन्मापासून जो आवाज ऐकत आले होते तो उंच, धारदार, ऐटीत सूर फेकणारा होता. हा माणूस कुणाला काही फेकून दाखवत नव्हता. तिसऱ्या ओळीला तो वर गेला, 'रुंद'वर थांबला. आणि तिथे त्याला काहीच कष्ट पडले नाहीत. आम्ही सगळे इतकी वर्षं ज्याला किंकाळी समजत होतो तो एका माणसाने फलाटावर सामान खाली ठेवून टाकलेला निःश्वास होता.

पप्पांनी मान खाली घालून शेवटपर्यंत ऐकलं.

"हा दमलेला आहे," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "मी त्या दिवशी पुण्याला एक लग्न वाजवून थेट आलो होतो. सबंध दिवस गाडीत उभा. दाभोळे म्हणाले उद्या करू, मी म्हटलं उद्या नाही जमणार. इतका दमलो होतो की बसल्या जागी डोळे मिटत होते." त्यांनी चष्मा काढून पुसला. "साफ विसरलो होतो मी हे. तबकडीवर ते कुठे दिसतच नव्हतं."

खोतांनी विचारलं, काका, मग जुन्या बाजूला हेच लावू का, खऱ्या वेगाचं?

पप्पा म्हणाले, नको. ती लोकांची आहे. लोकांनी तिच्यावर प्रेमं केली, लग्नं केली, आता कुठे त्यांना सांगत बसतोस. आणि ते खुंट्यांकडे वळले. एकेक तार उतरवत आणली. प्रत्येक तार काट्याशी जुळली की बोटं सवयीने खुंटी आणखी पिळायला जायची आणि ते ती मागे घ्यायचे. सहाही तारांना हे झालं. मी बघत होते. ते अंगवळणी पडायला त्यांच्याइतकाच वेळ मलाही लागला.

"परत लाव," ते म्हणाले. "पोराला एकट्याला नको गाऊ देऊस."

खोतांनी काचेतून माझ्याकडे बघून ध्वनिमुद्रणाच्या बटणावर बोट ठेवलं. भुवया उंचावून विचारलं. मी काही करायच्या आत पप्पा म्हणाले, "चालू कर की. तिला काय विचारतोस?"

पहिल्या ओळीला ते थोडे मागे राहिले. दुसरीला बरोबर आले. तिसरीला मी नेहमीसारखी खुर्चीची दांडी धरली. आवाज वर गेला. त्याला चरे पडले होते, कडा झिजल्या होत्या, एका ठिकाणी तो किंचित हललाही, पण जाऊन त्या दुसऱ्या आवाजाशेजारी उभा राहिला, आणि दोघेही तिथे थांबले. पप्पांना खोकला आला नाही. गाणं संपल्यावर खोत म्हणाले, काका, आणखी एकदा घेऊ का, पहिली ओळ जरा... पप्पा म्हणाले, "नको. मी आता दमलो." पण ते मी आधी ऐकलेल्या कुठल्याही 'दमलो'सारखं नव्हतं.

मिरजेला परत येताना ते गाडीत झोपले. त्यानंतर या विषयावर आमचं बोलणं झालं नाही. अधूनमधून घरात गायचे, खालून, भाजी निवडताना वगैरे. पुढच्या थंडीत ते गेले. घसा शेवटपर्यंत ठीक होता. हृदयाचं निमित्त झालं.

तबकडी त्यानंतर निघाली. एका बाजूला जुनं गाणं, आहे तसं, अर्धा सूर वर. दुसऱ्या बाजूला ते दोघे. खोतांनी वेष्टनावर काहीच खुलासा छापला नाही, तशी पप्पांचीच इच्छा होती. त्यामुळे ऐकणाऱ्यांना ती दोन माणसं वाटतात, एक म्हातारा आणि एक तरुण. खोतांच्या पत्त्यावर पत्रं येतात, ती ते माझ्याकडे पाठवतात. बऱ्याच जणांचं म्हणणं असतं की साथीला गाणारा तो पप्पांचा मुलगाच असणार, आवाजाची जात तीच आहे. तो हल्ली कुठे गातो, असं विचारतात.

सुरुवातीला मी सविस्तर उत्तरं लिहायची. वीज, मशीन, नादकाटा, सगळं. आता एवढंच लिहिते की त्यांना मुलगा नव्हता. मी एकटीच आहे, आणि मला गाता येत नाही.